एका अदृश्य व्याधीची दीडशे वर्षे

साथीच्या रोगांचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आहे. साथ कोठून आली, कोणत्या बंदरात प्रथम उतरली, किती माणसे दगावली, सरकारने काय केले आणि लोकांनी काय सोसले, एवढे सांगून झाले की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगविषयी आपण असेच वाचलेले आहे. १९१८ साली आलेल्या आणि महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या इन्फ्लुएन्झाविषयीही असेच वाचलेले आहे. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. हा इतिहास खराच आहे. परंतु साथीच्या नोंदवहीत दोनच रकाने असतात, एक मेलेल्यांचा आणि दुसरा बरे झालेल्यांचा. जो मेला नाही आणि पुरता बराही झाला नाही, त्याच्यासाठी तिसरा रकाना कोणी आखलेला नसतो. आज मला आपणांसमोर मांडावयाचा आहे तो या तिसऱ्या रकान्याचा इतिहास.

कोविडची साथ आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला नाव दिले, आणि ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात आढळले. पुढे काय झाले ते सांगावयास नको. पण त्याच वर्षाच्या उन्हाळ्यापासून जगातील अनेक देशांत एक निराळीच तक्रार ऐकू येऊ लागली. ताप उतरून महिने लोटले, तपासणीत विषाणू सापडत नाही, छातीचे चित्र स्वच्छ, हृदयाचा आलेख निर्दोष. आणि तरीही माणूस अंथरुणातून उठून उभा राहिला की छाती धडधडू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळून जातात. आडवे पडले की बरे वाटते. आंघोळीला उभे राहणे, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी अर्धा तास काढणे, बसच्या रांगेत थांबणे, ही कामे डोंगर चढण्यासारखी होतात. यांतील पुष्कळ जण तरुण होते, आणि कित्येकांचा मूळचा आजार अगदी सौम्य होता. ‘सर्व तपासण्या ठीक आहेत’ हे वाक्य ऐकून ते घरी परतत, आणि घरात त्यांच्याविषयी कुजबूज सुरू होई.

ही तक्रार कशामुळे उद्भवते हे समजण्यासाठी शरीराच्या एका अबोल कारभाराकडे पाहिले पाहिजे. या मंडपाच्या कडेला काही श्रोते उभे आहेत. बसलेला माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. पृथ्वीचे आकर्षण कोणालाच चुकलेले नाही. असे असूनही या उभ्या श्रोत्यांना भोवळ येत नाही. मानेतील धमन्यांत आणि हृदयावरील महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब किंचित घसरताच ती मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्रांना वर्दी देतात. तेथून उलट हुकूम सुटतो, पायांतील आणि पोटातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडीचे ठोके दहापंधरांनी वाढतात, आणि मेंदूला मिळणारे रक्त कायम राहते. हा व्यवहार काही क्षणांत उरकतो आणि आपणांस त्याची खबरही लागत नाही. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या या यंत्रणेला केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १८९८ साली ‘स्वायत्त मज्जासंस्था’ असे नाव दिले. तिच्या दोन मोठ्या शाखा आहेत. अनुकंपी शाखा शरीराला उठविते, धावविते, हृदयाला टाच मारते. परानुकंपी शाखा त्याला विसावा देते, अन्न पचविते, हृदयाचा लगाम ओढते. दोघींचा तोल सांभाळला जातो तोवर आपण निश्चिंत असतो. तो ढळला, म्हणजे नुसते उभे राहणे हेही श्रमाचे काम होऊन बसते.

कोविडनंतर हा तोल ढळलेली माणसे दिसू लागली तेव्हा अनेकांना ही व्याधी नवी वाटली. वस्तुतः तिचे चित्र दीडशे वर्षांपूर्वीच रेखाटले गेले होते. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये यादवी युद्ध चालले होते. त्या युद्धातील आजारी व जखमी सैनिकांसाठी फिलाडेल्फिया शहरात जी इस्पितळे उघडली, त्यांत टर्नर्स लेन नावाचे एक होते. मज्जातंतूंच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास सिलास वेअर मिचेल यांनी तेथेच केला. त्याच इस्पितळात जेकब मेंडेस डा कोस्टा या वैद्याकडे एक चमत्कारिक प्रकारचे सैनिक येऊ लागले. सैनिकाला छावणीत ताप येई किंवा अतिसार होई; काही दिवसांनी तो बरा होऊन पलटणीत परत जाई; पण कूच सुरू झाली की त्याला सोबत्यांच्या बरोबरीने चालवत नसे. छातीत धडधड, कळा, धाप, घेरी. पाहावे तर माणूस दिसावयास धडधाकट, आणि हृदयाला कान लावावा तर झडपांत दोष नाही.

डा कोस्टा यांनी या रुग्णांचा अभ्यास युद्ध संपल्यावर १८७१ साली प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. तीनशेहून अधिक रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले होते, आणि त्यांपैकी दोनशेंचे त्यांनी बारकाईने पृथक्करण केले. त्यांत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, सुमारे सहाव्या हिश्श्याच्या रुग्णांचा त्रास ज्वरानंतर सुरू झालेला होता, आणि आणखी जवळजवळ एकतृतीयांशांचा अतिसारानंतर; म्हणजे निम्म्याच्या आसपास सैनिकांच्या बाबतीत व्याधीच्या उगमाशी एखादा आजार होता. दुसरी अशी की, या सैनिकांची नाडी शरीराच्या स्थितीप्रमाणे फार बदलते, आडवे असताना ती उतरते आणि उभे राहताच उसळते, हे त्यांनी टिपून ठेवले. या निरीक्षणाला यंत्र लागले नाही. बोटे, घड्याळ आणि रुग्णापाशी बसण्याचा धीर एवढ्यावर ते झाले.

मग प्रश्न असा पडतो की, एवढी स्पष्ट नोंद हाती असताना पुढल्या पिढ्यांनी ती गमावली कशी? त्याचे पहिले कारण त्या काळच्या वैद्यकशास्त्राच्या घडणीत आहे. पाद्वा येथील मोर्गान्यी यांनी १७६१ साली शवविच्छेदनाच्या आधारे प्रत्येक रोगाला शरीरात एक ठिकाण असते असे दाखवून दिले. १८१६ साली लाएनेक यांनी श्रवणनलिका शोधून काढली आणि जिवंतपणीच ते ठिकाण कानाने शोधण्याची सोय केली. वैद्यकाची ही प्रगती थोर आहे, यात संशय नाही. परंतु तिची एक छाया पडली. ज्या व्याधीचे ठिकाण सापडत नाही ती व्याधी खरी नव्हे, असा समज हळूहळू रूढ झाला. चालीत दोष असलेली व्याधी ही बांधणीत दोष असलेल्या व्याधीपुढे नेहमी दुय्यम ठरली. घड्याळ मागेपुढे होते, पण उघडून पाहावे तर एकही चाक मोडलेले नाही. अशा वेळी जुना घड्याळजी तेल आणि ताण पाहतो. वैद्यकाने मात्र घड्याळाच्या मालकावरच संशय घेतला.

दुसरे कारण लष्करी आहे. इंग्लंडात आर्थर मायर्स नावाच्या लष्करी वैद्यांनी १८७० साली सैनिकांच्या हृदयविकाराचा विचार केला आणि आवळ गणवेशाकडे व पट्ट्यांकडे बोट दाखविले. पट्टे सैल करावेत ही सूचना चांगलीच होती, पण व्याधी गेली नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सैन्यात असे रुग्ण हजारोंनी निपजू लागले. त्यांच्यासाठी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात खास इस्पितळ उघडण्यात आले, आणि ते पुढे १९१७ साली कोल्चेस्टरला हलविले गेले. तेथील कामाचे सूत्रधार होते थॉमस लुइस, हृदयाच्या विद्युत्‌आलेखाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. लुइस यांनी एक मार्मिक गोष्ट हेरली. निरोगी माणसाला दमछाक करणारे श्रम केल्यावर जी लक्षणे होतात, तीच या सैनिकांना थोड्याशा श्रमाने होतात. म्हणजे लक्षणे नवी नाहीत, त्यांचा उंबरठा तेवढा खाली आला आहे. म्हणून त्यांनी या अवस्थेला ‘श्रम-लक्षणसमूह’ असे नाव दिले, आणि १९१८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाचा वाटाही त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

परंतु लुइस यांना सरकारने जे काम दिले होते ते रोगाचे मूळ शोधण्याचे नव्हते. सैन्याला माणसे हवी होती. कोणाला पुन्हा आघाडीवर धाडता येईल, कोणाला हलके काम द्यावे आणि कोणाला घरी पाठवून निवृत्तिवेतन द्यावे, याची निवड करावयाची होती. त्यासाठी लुइस यांनी चढत्या श्रेणीची कवायत बसविली. जो तिच्यात टिकला तो कामाचा, जो टिकला नाही तो बिनकामाचा. व्यवहाराच्या दृष्टीने ती पद्धत उपयोगी ठरली. मात्र त्या क्षणी प्रश्न बदलला. डा कोस्टा विचारीत होते, ‘या माणसाच्या शरीरात काय झाले आहे?’ आता प्रश्न झाला, ‘हा माणूस कामाला लागेल की नाही?’ आणि या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात तिसरा प्रश्न दडलेलाच असतो: ‘हा खरे बोलतो आहे ना?’ ज्या दिवशी वैद्याच्या उत्तरावर पगार, रजा आणि निवृत्तिवेतन अवलंबून राहू लागते, त्या दिवशी रुग्ण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. या व्याधीच्या इतिहासातील कलाटणी, माझ्या मते, येथे आहे.

तिसरे कारण मात्र शास्त्रीय आहे, आणि त्याला न्याय दिला पाहिजे. १९१५ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी दाखविले की, भय आणि क्रोध या भावना अनुकंपी मज्जातंतूंच्या व अधिवृक्क ग्रंथींच्या द्वारे शरीरभर पसरतात. वाघ दिसला की छाती धडधडते ती याच वाटेने. साहजिकच पुढे कोणी उलट अनुमान केले तर नवल नाही: जेथे धडधड आहे तेथे भय असलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनचे पॉल वुड यांनी नेमके हेच केले. वुड हे उथळ गृहस्थ नव्हते. हृदयविकाराचे ते नामांकित परीक्षक होते. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी निष्कर्ष काढला की, डा कोस्टा यांचा हा विकार हृदयाचा नसून मनाचा आहे. त्यांच्या काही रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असेल. तर्काची चूक एवढीच की, एकाच घंटेच्या दोरीला दोन हात लागू शकतात. भयाने ती वाजते, आणि रक्ताचा पुरवठा घसरला तरीही वाजते. घंटा ऐकून कोणत्या हाताने दोरी ओढली ते सांगता येत नाही. त्यासाठी दोरी धरून मागे जावे लागते. वुड यांच्यानंतर कित्येक वर्षे फारसे कोणी मागे गेले नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आतापर्यंतच्या हकिगतीत सर्व रुग्ण पुरुष आहेत. आज या विकाराचे बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असतात, विशेषतः पंधरा ते पन्नास वर्षे वयाच्या. मग गेल्या शतकातील आणि त्यापूर्वीच्या स्त्रिया कोठे गेल्या? सैनिकाच्या मागे सरकार होते, इस्पितळ होते, नोंदवही होती. म्हणून तो इतिहासात आला. घरातील स्त्रीच्या घेरीची नोंद कोण ठेवणार? जॉर्ज बेअर्ड यांनी १८६९ साली ‘मज्जादौर्बल्य’ ही संज्ञा प्रचारात आणली. श्रीमंत घरच्या स्त्रियांना ते नाव मिळाले, काहींना उन्मादाचे नाव मिळाले, आणि उरलेल्यांना कोणतेच नाव मिळाले नाही. आपल्याकडे तर त्यासाठी वैद्याचीही गरज पडली नाही. ‘कामाचा कंटाळा’, ‘नसती थेरं’ ही निदाने माजघरातच झाली. इतिहासाच्या साधनांत जे नाही ते घडलेच नाही असे समजू नये, हा इतिहासाचा पहिला धडा येथे पुन्हा गिरवावा लागतो.

दोरी धरून मागे जाण्याचे काम अखेर हृदयाच्या वैद्यांऐवजी मज्जासंस्थेच्या वैद्यांनी केले. उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळण्याच्या विकाराचे वर्णन ब्रॅडबरी आणि एगलस्टन यांनी १९२५ साली केले होते. परंतु ज्यांचा दाब टिकून राहतो आणि नाडी मात्र उधळते, त्यांचे काय? १९९३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या शोंडॉर्फ आणि लो यांनी अशा सोळा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर या अवस्थेची व्याख्या ठरत गेली. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला तीस किंवा अधिक वाढावेत, बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत चाळीस. रक्तदाब फारसा उतरलेला नसावा. आणि त्रास किमान तीन महिने चाललेला असावा. वैद्य तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पॉट्स’ म्हणतात. आपण तिला उत्थानजन्य द्रुतनाडी म्हणू. विषाणूच्या एखाद्या आजारानंतर ती अनेकदा सुरू होते, हेही तेव्हाच लक्षात आले होते. टर्नर्स लेनमध्ये बोटांनी मोजलेली गोष्ट सव्वाशे वर्षांनी अशा रीतीने पुन्हा मोजली गेली.

म्हणजे २०२० साली कोविड आला तेव्हा शास्त्राचे दार किलकिले झालेले होते. तरीही ते पूर्ण उघडण्यास रुग्णांनाच धक्का द्यावा लागला. ‘लाँग कोविड’ हा शब्द एखाद्या विद्यापीठातील परिषदेत जन्मला नाही. मे २०२० मध्ये स्वतः आजारी असलेल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वाच्या इटालियन अभ्यासिकेने तो प्रथम वापरला, आणि जगभरच्या रुग्णांनी तो उचलला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून कोविडनंतरच्या उत्थानजन्य द्रुतनाडीचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. २०२१ साली अमेरिकन ऑटोनॉमिक सोसायटीने या विषयावर निवेदन काढले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या जाहीर केली: आजार सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी दिसणारा, किमान दोन महिने टिकणारा आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारा त्रास. नोंदवहीत तिसरा रकाना अखेर आखला गेला.

तोल नेमका कशाने ढळतो, याविषयी मते अनेक आहेत. काही रुग्णांत शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाणच कमी असते. काहींत पायांतील सूक्ष्म मज्जातंतू दुबळे होतात आणि रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या जात नाहीत. काहींत विषाणूशी लढण्यास निघालेली शरीराची संरक्षक यंत्रणा स्वकीयांवरच उलटते असे मानले जाते. बहुधा एकाच नावाखाली अनेक वाटा येऊन मिळाल्या आहेत. उपचार मात्र पुष्कळसे साधे आहेत: वैद्याच्या सल्ल्याने पाणी आणि मीठ वाढविणे, पायांना व पोटाला दाब देणारे मोजे-पट्टे, आणि आडव्या किंवा बसल्या स्थितीतील बेताचा व्यायाम. डा कोस्टा यांच्यापाशी डिजिटॅलिस होते; १९६० नंतरच्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल दिले, आणि आता आयव्हाब्रॅडिनसारखी नाडी आवरणारी औषधे आहेत. मात्र लुइस यांची कवायत सर्वांना लावू नये. कोविडनंतर श्रम केल्यावर ज्यांची प्रकृती एकदोन दिवसांनी अधिकच ढासळते, त्यांना व्यायामाची सक्ती अपायकारक ठरते. आणि हेही खरे की, प्रत्येक धडधड ही या विकाराची नसते. रक्तक्षय, अवटु ग्रंथीचा विकार, शरीरातील पाणी कमी होणे, यांचीही तीच तक्रार असते, आणि आपल्याकडच्या स्त्रियांत रक्तक्षय किती आहे हे सर्वविदित आहे. त्यामुळे निदान वैद्यानेच करावयाचे आहे.

तरीपण त्या निदानाची पहिली पायरी गरिबातल्या गरिबालाही परवडणारी आहे. रुग्णाला पाचदहा मिनिटे निजवावे, नाडी आणि रक्तदाब पाहावा. मग दहा मिनिटे उभे करून ती दोन्ही पुन्हा पाहावी. भोवळ आल्यास आधाराला माणूस जवळ असावा. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे होऊ शकते. लागतात ती वीस मिनिटे. ज्या दवाखान्यात बाहेर शंभर माणसे ताटकळत असतात तेथे वीस मिनिटे ही मोठी मागणी आहे, हे मी जाणतो. पण निजवून घेतलेला हृदयाचा आलेख दहा वेळा काढला तरी जे दिसणार नाही, ते या वीस मिनिटांत दिसू शकते. कारण व्याधी प्रकट होते ती उभे राहिल्यावर, आणि आपण तिला शोधतो ते रुग्णाला निजवून!

श्रोतेहो, या दीडशे वर्षांत व्याधीला पाच नावे मिळाली. चिडखोर हृदय, सैनिकाचे हृदय, श्रम-लक्षणसमूह, मनोविकार, उत्थानजन्य द्रुतनाडी. उभा राहिलेला माणूस मात्र प्रत्येक वेळी तेच सांगत होता. ज्यांनी त्याचे ऐकले त्यांना अर्धे सत्य बोटांच्या टोकांनी सापडले. ज्यांनी आधी त्याची पारख करावयाचे ठरविले, त्यांच्यापाशी अधिक चांगली यंत्रे असूनही ते निसटले. पुढची साथ कधी येईल आणि कोणत्या नावाने येईल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. तीही आपल्यामागे तिसऱ्या रकान्यातील माणसे ठेवून जाईल, एवढे मात्र हा इतिहास सांगतो. त्या माणसांत कदाचित आपल्या घरची सून असेल, शेजारचा विद्यार्थी असेल, कार्यालयातील सहकारी असेल. ‘उभे राहिले की गरगरते’ असे तो सांगू लागला, तर त्याला बसावयास जागा द्यावी, आणि त्याची नाडी पाहावी. त्याच्या खरेपणाची चौकशी त्यानंतर करावयाची असेल तर खुशाल करावी. बहुधा तिची गरज उरणार नाही.